कॉम्प्रेसरची पत्ती आणि आमचे भाऊजी

जगात काहीही बिघडलं तरी ते वॉल्वमुळंच, असं मानणारा माणूस आमच्या चुलत दिरांशिवाय दुसरा नसेल. लातूरला त्यांचं पंक्चरचं दुकान, मागं घर आणि भिंतीला लागून आमचं. कुणाला ढेकर आला तरी म्हणणार, "वॉल्व लीक हाय." हवा भरायच्या कॉम्प्रेसरच्या वॉल्वमधली पातळ पत्ती नीट बसती का, हे ते ती तोंडाला लावून, हवा ओढून बघतात. त्यामुळं ओठ कायम ऑइलनं काळे, अगदी लग्नाच्या फोटोतसुद्धा. मी धुणं वाळत घालत असले की भिंतीवरून समजावतात, "वहिनी, दट्ट्या खाली गेला की ही पत्ती उघडती, हवा आत. वर आला की ही बंद, दुसरी उघडती, हवा टाकीत. तिथून माघारी यायचं नाव न्हाई." मी मान हलवते. कपडे वाळून जातात, त्यांचं संपत नाही.

या उन्हाळ्यात दुकानातल्या कॉम्प्रेसरची पत्ती तुटली. नवी नांदेडहून यायची होती. तोवर भाऊजींनी घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढला आणि त्यावर ट्यूबा भरायला बसले. फ्रिजमध्ये जाऊबाईंनी विकायला केलेल्या कुल्फ्या होत्या. त्यांचं दूध झालं. जाऊबाईंनी पिशवी भरली आणि देवणीला माहेरी गेल्या. त्यांच्या भावाचा फोन आला, "दाजी, तुम्ही स्वतः या, चुकलं म्हणा, मगच ताई येईल."

"गिऱ्हाइकाला हवा दिली, त्यात काय चुकलं?" म्हणून भाऊजींनी फोन ठेवला आणि करपलेली खिचडी खात राहिले.

नवी पत्ती आली, बसवली. मशीन धडधड करी, पण टाकीचा काटा हलेना. शेजारचे केळीवाले चाचा म्हणाले, "अरे मियाँ, तुझं मशीन टाकी सोडून माझ्या तोंडावर फुंकून राहिलंय."

मी भिंतीपलीकडून बघत होते. न राहवून बोलले, "भाऊजी, आज तुमचे ओठ काळे न्हाईत. पत्ती तोंडाला लावून बघितलीच न्हाई तुम्ही."

त्यांनी खोललं. पत्तीखाली फडक्याचा दोरा अडकला होता. ती मिटतच नव्हती, आलेली हवा आल्या वाटेनं बाहेर. दोरा हातात धरून त्यांनी मागं रिकाम्या घराकडं बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, देवणीची गाडी कधी हाय?"

"आधी फ्रिज जोडा," मी म्हटलं.

फ्रिज जोडला, गॅस भरून घेतला आणि दुसऱ्या दिवशी गेले. संध्याकाळी दोघं रिक्षातून उतरले, तेव्हा पिशवी भाऊजींच्या खांद्यावर होती. जाऊबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अक्का, सगळ्यांसमोर चुकलं म्हणाले हो. माझा भाऊच लाजला." पुढं कितीतरी दिवस त्या हेच सांगत होत्या, आणि दर वेळी मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

मीही एकदा रुसून किल्लारीला माहेरी गेले होते. हे न्यायला येतील म्हणून वाट बघितली, मग आपली आपणच जीपमध्ये बसून आले. दारात ह्यांनी विचारलं, "आज भाजी काय करणार?"