चरोद्याचा हट्टी लिव्हर

"तुले मशिनी पाहाची लय हौस हाय ना, मंग ये इकडे. आमचा एक लिव्हर हालूनच नाई राह्यला."

कुसुममावशीचा हा व्हॉइस मेसेज मी ऑफिसच्या जिन्यात ऐकला आणि त्याच संध्याकाळी नागपूर ते दुर्गचं तिकीट काढलं. नवऱ्याने विचारलं, "एक लिव्हर हलत नाही म्हणून तू छत्तीसगडला जाणार?" मी म्हटलं, हो. लोक धबधबा पाहायला जातात, मी लिव्हर पाहायला जाते.

कुसुममावशी म्हणजे माझ्या आईची पवनीची वर्गमैत्रीण. लग्न होऊन भिलाईला गेली. नवरा रेल्वेत होता; तो वारल्यावर तिला सिग्नल विभागात खलाशी म्हणून घेतलं आणि पुढे ती तिथेच मिस्त्री झाली. निवृत्त झाल्यावर काही माणसं भजनी मंडळात जातात, काही मोबाईलमध्ये. मावशी आणि तिच्यासारखे काही जण चरोद्याच्या पुढे एका जुन्या गोदामाच्या आवारात जातात. या भागातली छोटी लाईन ब्रॉडगेज झाल्यावर तिचे रूळ, एक लहानसं डिझेल इंजिन आणि दोन डबे त्यांनी तिथे जपलेत. रविवारी गाडी चालवतात. जेमतेम दोन-तीन शेतं ओलांडेल एवढाच मार्ग. पण स्टेशन आहे, कॅबिन आहे आणि खांबावर लाल हात असलेला जुना सिग्नलसुद्धा आहे.

जायचं असेल तर सकाळची गाडी धरा आणि खिडकी मिळवा. सालेकशाच्या पुढे जंगल लागतं, मग बोगदा, मग डोंगरगडची टेकडी. चारेक तासांत दुर्ग येतं. तिथून रायपूरकडे जाणारी लोकल पकडायची. तिकिटाला चहा-समोशाएवढे पैसे पडतात. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या मागे जातात, पॉवर हाऊस स्टेशनला निम्मा डबा रिकामा होतो आणि मग मालगाड्यांचं अफाट यार्ड सुरू होतं. चरोद्याला उतरले तेव्हा मावशी फलाटावर उभीच होती. अंगात निळा स्वेटर, पायात बूट.

"जय भीम, मावशी."

"जय भीम. जेवली का? नसन जेवली. चाल, फरा केला हाय." फरा म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट मुटके, वरून तीळ-मिरचीची फोडणी. सोबत टमाट्याची चटणी. मावशीचा स्वयंपाक आता पुरता छत्तीसगडी झालाय, फक्त वरणाला फोडणी अजून पवनीचीच देते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कॅबिनवर गेलो. कॅबिन म्हणजे जमिनीपासून थोडी उंच, तिन्ही बाजूंना काचा असलेली खोली. आत माणसाच्या छातीएवढे उंच आठ लोखंडी लिव्हर एका रांगेत उभे. कुठल्याशा बंद पडलेल्या स्टेशनची ही फ्रेम भंगारात जाणार होती, ती यांनी सोडवून आणली आणि नुकतीच इथे बसवली; तोवर गाडी नुसत्या हिरव्या झेंडीवर सुटायची. रूळ वळवायचे ते काळे, सिग्नलचे लाल आणि ज्यांना इथे काहीच जोडलेलं नाही ते रिकामे लिव्हर पांढरे. कोणी चुकून ओढू नयेत म्हणून रिकामे बोल्टने जखडून ठेवलेले.

पाच नंबर लाल. सगळ्यात महत्त्वाचा. तो ओढला की बाहेर सिग्नलचा हात खाली पडायला हवा आणि गाडी सुटायला हवी. मी दोन्ही हातांनी ओढून पाहिला. भिंत ओढल्यासारखं वाटलं.

"खालून पाहा, बेटा," असं म्हणत एक उंच, पांढऱ्या मिशीचे गृहस्थ फरशीखालच्या खोलगट जागेतून वर आले. हे ठवकरकाका. मूळचे भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले, पोलाद कारखान्यात फिटर म्हणून उभं आयुष्य गेलं. इथला प्रत्येक गंजलेला नट त्यांनीच सोडवलाय.

मी वाकून पाहिलं. लिव्हरांच्या पायाशी एक उथळ लोखंडी पेटी. तिच्यात आडव्या पट्ट्या, पट्ट्यांना खाचा, खाचांत बसणारे लोखंडी तुकडे. एक लिव्हर ओढला की एक पट्टी सरकते आणि तिचा तुकडा दुसऱ्या लिव्हरच्या खाचेत जाऊन त्याला अडवतो किंवा मोकळा करतो. म्हणजे चुकीच्या क्रमाने काही करायला गेलात, तर यंत्र तुमचं ऐकतच नाही. वीज नाही, बॅटरी नाही. मी तिथे किती वेळ पालथी पडून होते कोण जाणे. मावशीने माझ्या हातात रॉकेलचा डबा आणि ब्रश दिला, तोही मी आनंदाने घेतला.

पाच नंबरला नेमका कोणता तुकडा अडवतोय ते ठवकरकाकांनी दाखवलं. अंगठ्याएवढा होता.

"ग्राइंडर लावला का एका मिनटाचं काम," ते म्हणाले. "परवा रविवार हाय. लोकायले बोलावलं आपण. सिग्नल पडन, गाडी सुटन, खेल खतम."

"नाई," मावशी म्हणाली.

"कावून नाई?"

"थो अडवून राह्यला म्हणजे काईतरी कारण असन. कारण माईत नसताना कापाचं नाई."

"अवो बाई, त्या स्टेशनात काय होतं काय नाई, कोणाले माईत? थे स्टेशनच नाई आता!"

"म्हणूनच म्हणते."

काका लाल झाले. "म्हणजे मले समजत नाई म्हणता? तीस साल मशिनी खोलल्या मी."

"खोलल्या. सिग्नलच्या नाई खोलल्या."

हे बोलून झाल्यावर मावशीलाही ते जास्त झालं असावं, कारण ती उगाच काचा पुसायला लागली. काकांनी ग्राइंडरची वायर गुंडाळली, हात पुसले आणि स्कूटर काढून निघून गेले. दुपारी आम्ही दोघींनी डबा उघडला खरा, पण अर्धा तसाच परत नेला.

संध्याकाळी यार्डाच्या कडेने घरी चालताना मी जरा भीतभीतच विचारलं, "मावशी, काका... म्हणजे तुझे मिस्टर... रेल्वेतच गेले ना? म्हणून तू या बाबतीत इतकी कडक आहेस का?"

ती हसलीच. "त्यायले डेंगू झाला होता, बाप्पा. त्याचा याच्याशी काय संबंध? सगळ्यायले असंच वाटते. मले फकत न समजता कापलेलं आवडत नाई. ब्लाऊज असो का लोखंड." मग थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "ठवकरभाऊ मातर येतीन का नाई उद्या, सांगता येत नाई. त्यायच्याशिवाय नाई चालत ही गाडी."

मला तिच्या आवाजात पहिल्यांदाच काळजी ऐकू आली.

शनिवारी सकाळी मावशी म्हणाली, "चाल, रिसालीले जाऊ." शेअर ऑटो बदलत आम्ही ठवकरकाकांच्या घरी पोहोचलो. दार सुमनकाकूंनी उघडलं आणि आम्हाला पाहताच म्हणाल्या, "या वो या. तुमच्या त्या मशिनीनं माह्या साड्यायचे डबे खाल्ले सगळे."

आत जेवणाच्या टेबलावर पुठ्ठाच पुठ्ठा. साड्यांच्या डब्यांचा पुठ्ठा कापून काकांनी फोनमधल्या फोटोंवरून ती पेटी जशीच्या तशी उभी केली होती. पट्ट्या, खाचा, तुकडे, सगळं. मावशीकडे न बघता ते म्हणाले, "बसा." मग पाच नंबर लिहिलेली पट्टी ढकलून दाखवली. अडली. "आता पाहा." त्यांनी सात नंबरची पट्टी सरकवली. तुकडा खाचेतून बाहेर आला आणि पाच नंबर सुळकन गेला.

"सात?" मावशी म्हणाली. "सात तं रिकामा हाय."

"रिकामा तुमी म्हणता. बोल्ट मी मारला त्याले, तुमच्या सांगण्यावरून."

मावशीने ती पट्टी स्वतः एकदा सरकवून पाहिली. मग मावशी म्हणाली, "पांढरा रंग मी मारला. चुकलं माहं." काका काकूंना म्हणाले, "ताईले पोहे दे."

कॅबिनवर परतल्यावर मावशीने सात नंबरच्या मुठीखालचा पांढरा रंग पात्याने खरवडला. अगदी खोल कोपऱ्यात, खाली तपकिरी रंगाचा पापुद्रा निघाला.

"अवो माय," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "मी गंज समजून घासून काढला होता. तपकिरी म्हणजे फाटक!"

त्या जुन्या स्टेशनात सात नंबर ओढला की रस्त्याच्या फाटकाला कुलूप बसायचं. ते बसल्याशिवाय पाच नंबर सिग्नल पडायचाच नाही. काकांनी सातचा बोल्ट काढला. सात ओढला, मग पाच ओढला, आणि बाहेर लाल हात धाडकन खाली आला. मी टाळ्या वाजवल्या. झालं की काम!

दोघांपैकी कोणीच टाळी वाजवली नाही.

"फाटक तं नाई ना आपल्याकडे," मावशी हळूच म्हणाली. "मशिनीले वाटते फाटक बंद झालं."

"पायवाट हाय," काका म्हणाले.

होती खरी. वळणाच्या पलीकडे, बेशरमाच्या झुडपांआड गावातली माणसं रूळ ओलांडून ये-जा करायची. आजवर एक जण शिट्टी घेऊन तिथे उभा राहायचा. आला तर. इंजिन चालवणाऱ्या देवांगनजींना वळणावरून ती वाट दिसत नाही, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं.

मग काकांनी भिलाईच्या वैशाली नगरातल्या ओळखीच्या वेल्डरला फोन लावून त्याचं मशीन मागवलं. उरलेला शनिवार आणि रविवारची सकाळ पाइप कापणं, जोडणं, खांब गाडणं, कॅबिनपासून तार ओढणं चालू होतं. तार सातशी जोडली. लिव्हर ओढला की एक जाड खिट्टी फाटकाच्या भोकात जाणार. फाटक नीट लागलं नसेल तर खिट्टी जाणार नाही, लिव्हर अर्ध्यात थांबणार. सकाळी बोलावलेले पाहुणे ताटकळले, काही कुरकुरत घरी गेले. "कशाला एवढं, सोडा ना गाडी," असं एक जण म्हणाला. या वेळी ठवकरकाकाच त्याला म्हणाले, "नाई. थांबा."

दुपार कलल्यावर सगळं तयार झालं. डबे भरले होते, देवांगनजींनी हॉर्न दिला. एका मुलाने फाटक ओढून घेतलं, झुडपांबाहेर येऊन हात हलवला आणि गाडीत बसायला पळाला. मावशीने सात नंबर धरला आणि ओढला.

अर्ध्यात अडला.

तिने पुन्हा जोर लावला. नाही. काकांना वाटलं आपलंच वेल्डिंग चुकलं. "मी पाहून येते," म्हणून मी जिना उतरून धावले. झुडपांच्या पलीकडे गेले तर फाटकाच्या फटीत एक बकरीचं पिल्लू अडकलेलं, आणि एक म्हातारी त्याचे मागचे पाय धरून ओढत होती. तिच्या बाकीच्या बकऱ्या रुळांमध्ये उभ्या राहून निवांत चरत होत्या.

"काबर बंद करे हव?" ती माझ्यावर डाफरली. का बंद केलंत? "मोर छेरी मन ओ पार हे!"

मला छत्तीसगडी येत नाही, पण बकऱ्या पलीकडे आहेत एवढं कळलं. आम्ही दोघींनी फाटक जरा उघडून पिल्लू सोडवलं, हाकलून हाकलून बकऱ्या बाजूला घेतल्या. फाटक लावलं. मावशी वर पुन्हा पुन्हा लिव्हर ओढून पाहत असणार, कारण क्षणभराने खिट्टी माझ्या डोळ्यांसमोर खट्कन आत गेली. मग दूर वर लाल हात खाली पडला. गाडी वळणावरून आली, मुलं ओरडत होती, आणि म्हातारी पिल्लाला पोटाशी धरून तोंडाचा आ करून पाहत राहिली.

मी कॅबिनवर परतले तेव्हा मावशी आणि काका शेजारी शेजारी बसून चहा पीत होते. मी बकऱ्यांचं सांगितलं. मावशीने उठून सात नंबरच्या मुठीवरून हात फिरवला. काका म्हणाले, "वेल्डिंग ठीक होतं म्हणजे," आणि डोळे पुसले. धुळीने, असं म्हणाले.

कोणाला जायचं असेल तर हिवाळ्यातला रविवार निवडा आणि आधी विचारून जा, कारण देवांगनजींच्या घरी लग्न असलं की गाडी नसते. जवळच देवबलोद्याचं जुनं दगडी शिवमंदिर आहे, तेही पाहून घ्या. कपडे मळलेले चालतील असेच घाला, कारण हाती ब्रश मिळाल्याशिवाय राहत नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने कौतुकाने माझा फोन घेतला आणि फोटो बघायला बसला. पट्ट्या, खाचा, पुठ्ठा, मावशीचे हात, तार, एक बकरी, खिट्टी, परत खिट्टी. तो शेवटपर्यंत गेला, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"गाडी कुठे आहे यात?" त्याने विचारलं.

मीही शोधलं. गाडीचा एकही फोटो नव्हता. ती आली तेव्हा मी फाटकाकडेच बघत होते.