मागच्या सीटवरचं वरण

मोटारींतलं आमच्या आत्याइतकं कळणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरं नाही. तिला गाडी चालवता येत नाही, गाडीचा दरवाजा कुठून उघडायचा हे ती दर वेळी विचारते, तरीही हे विधान मी मागे घेणार नाही. लातूरला आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मोटारींवर तासन्‌तास बोलणारे तीन सहकारी आहेत. त्यांच्यासमोर मी हेच म्हणालो आणि ते हसले. त्यांनी खुशाल हसावं. आई लवकर गेल्यावर मला जिने वाढवलं, जिच्यामुळे आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणाला तरी लोक 'सर' म्हणू लागले, तिच्या ज्ञानाबद्दल मी कुणाची माफी मागत बसणार नाही.

आत्या इस्लापूरजवळच्या आमच्या गावात राहते. दर रविवारी सकाळी टीव्हीवर मोटारींचा एक कार्यक्रम लागतो. त्या अर्ध्या तासात तिच्याकडे कुणी गेलं तर पाणी मिळतं, बोलायला मिळत नाही. कार्यक्रम आवडतो म्हणून ती पाहते, असा मात्र कुणी गैरसमज करून घेऊ नये. मास्तर जसा लाल पेन घेऊन पेपर तपासायला बसतो, तशी ती चष्मा लावून टीव्हीपुढे बसते. पडद्यावर काळा गॉगल लावलेला निवेदक घाटातून गाडी पळवतो, वळणावर चाकं किंचाळतात आणि तो आपल्याकडे पाहून म्हणतो, "काय पकड आहे!" आत्या टीव्हीला म्हणते, "आरं, मागं कोण बसलंय त्याला इचार की! का कुणीच न्हाई? मग रिकामी गाडी कामून पळवून राहिला?"

तिचं म्हणणं असं की, त्या माणसाने आजवर एकदाही मागचा दरवाजा उघडलेला नाही. गुडघे धरलेल्या, लुगडं नेसलेल्या बाईने आत शिरताना आधी पाय घालायचा की आधी डोकं, हे तो सांगत नाही. मागे तिघं बसले तर मधल्याने पाय कुठे ठेवायचे, हेही सांगत नाही. एकदा त्याने डिकी उघडून "दोन मोठ्या सुटकेस आरामात" असं म्हटलं, तेव्हा ती अशी कडाडली की शेजारचे काय झालं म्हणून बघायला आले. "सुटकेस कुणाच्या घरला असत्यात? तांदळाचं पोतं, भाजीचं गठुडं आन् दोन लेकरं घिऊन माहेरवाशीण निघाली तर बसती का, ते दाव!" दुसऱ्या एका रविवारी त्याने अमुक गाडी किती सेकंदांत शंभरचा वेग घेते ते सांगितलं. याचा अर्थ काय, असं तिने मला विचारलं. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे नीट समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आन् त्यानं बिरेक दाबला की मागच्याच्या मांडीवरचं वरण कुठं जातं?"

वरण कुठून आलं, ते सांगतो. मी नांदेडला शिकायला होतो तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी पोरांसारखाच गावाहून बसने येणाऱ्या डब्यावर जगलो. आत्या सकाळी फाट्यावर उभी राहायची, बस थांबली की कापडी पिशवीतला डबा ड्रायव्हरच्या हाती द्यायची. मी तो नांदेडच्या स्टँडवर उतरवून घ्यायचो आणि कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीने धाडायचो. या कामापायी तिला रस्त्यावरची प्रत्येक गाडी आवाजावरून ओळखू यायला लागली. कुठला ड्रायव्हर गचका देतो आणि कुठला गाडी फुलासारखी उभी करतो, हे तिला तोंडपाठ होतं. डब्यात भाकरी, पिठलं, ठेचा असायचा. पातळ काही नसायचं.

शेवटच्या वर्षी ऐन परीक्षेत मला ताप आला. रिकाम्या डब्यातून मी चिठ्ठी पाठवली: तोंडाला चव नाही, वरण-भात खावासा वाटतो. दुसऱ्या दिवशी वरण आलं. म्हणजे निम्मं आलं. रस्ता तेव्हा फार उखडलेला होता, बाकीचं निम्मं पिशवीत मुरलं होतं. उरलेलं मी खाल्लं, पिशवी घाईघाईत धुतली आणि तशीच ओली, चिठ्ठीसकट परत पाठवली. "वरण पोहोचलं. पोटभर जेवलो." मी पास झालो, नोकरीला लागलो आणि माझ्यापुरती ती गोष्ट तिथे संपली.

मध्यंतरी त्या कार्यक्रमाने प्रेक्षकांकडून पत्रं मागवली. तुम्हाला काय पाहायला आवडेल, ते कळवा. आत्याने मला गावी बोलावून घेतलं आणि चार पानं सांगितली. मी सुरुवातीला "नम्र विनंती" लिहिलं, तर म्हणाली, "खोड ते. आपुन त्याच्याकडं काय मागाया चाललो का? इचारून राहिलो. जाब हाय ह्यो." शेवटची मागणी अशी होती की, प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर वरणाचा डबा झाकण न लावता ठेवावा, गाडी दहा कोस चालवावी आणि मग डबा दाखवावा. दोन महिन्यांनी निवेदकाने त्यातली एक ओळ वाचली. "एक आजी विचारतायत, गाडीत वरण सांडेल का?" तो हसला. कार्यक्रमात बसलेले पन्नासेक लोकही हसले. आत्या नाही हसली. म्हणाली, "हसू दे. पुसाया येतो का म्हणावं."

यानंतर मी एक चूक केली. घराण्यातली पहिली मोटार घेतली आणि ती घेताना तोच कार्यक्रम पाहून घेतली. हार घातलेली गाडी घेऊन गावी गेलो. आत्याने तिला ओवाळलं, चाकांखाली लिंबू ठेवलं, पण आत बसायला नकार दिला. "टीव्हीवाल्याला इचारलंस, मला न्हाई. आता परीक्षा दे." कडीचा डबा काठोकाठ तुरीच्या वरणाने भरून तिने मागच्या सीटवर ठेवला. मी इस्लापूरपर्यंत जाऊन आलो. तिने दरवाजा उघडून पाहिलं.

"नापास."

"आत्या, ह्या गाडीला टीव्हीवर पाच तारे दिलेत."

"तारे त्याच्या घरला ठेव म्हणावं. वरण कुठं हाय ते बघ."

वरण सीटवर होतं, पायाखालच्या गालिच्यावर होतं, पट्ट्याच्या खाचेतसुद्धा होतं.

गंमत म्हणून सोडून दिलं असतं, पण दर वर्षी ती माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाते, आणि त्या वर्षी डॉक्टरांनी तिला बसच्या पायऱ्या चढायची मनाई केली होती. माझ्या गाडीत बसली तर माहूर, नाही तर घर. ती हट्ट सोडायला तयार नव्हती. "देवीला मी सांगून ठिवलंय, पोरगा पास झाला की येते." मग मी लातुरात कॉलेजला जाताना शेजारच्या सीटवर वरणाचा उघडा डबा ठेवून गाडी चालवायला लागलो. सीट पिवळी झाली. सहकारी म्हणाले, "सर, गाडीचं लगीन ठरलं का? हळद लागलेली दिसून राहिली." मी म्हटलं, "हो, ठरलंय. तुम्हाला बोलावणार नाही." दर महिन्याला गावी जायचो, परीक्षा द्यायचो, नापास होऊन परत यायचो.

आठव्या वेळी बोटभरच सांडलं. आत्याने डबा उचलून उजेडात धरला. "काठावर हाय," म्हणाली, पण मान डोलावली आणि डबा एका जुन्या कापडी पिशवीत ठेवला. पिशवीच्या तळाला पिवळा, फिकट झालेला मोठा डाग होता.

"ही पिशवी कुठली गं?"

"तुझीच हाय. तापातल्या वरणाची. लई धुतली, उन्हात घातली. निघालंच न्हाई."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"निम्मं वरण पिशवीनं खाल्लं आन् तू लिवलं, पोटभर जेवलो. ओली पिशवी बघून कळत न्हाई का?"

"मग बोलली का नाहीस?"

"पेपर होता ना गा तुझा," ती म्हणाली आणि गूळ आणायला आत गेली. पास झालेल्याचं तोंड गोड करायला.

आम्ही माहूरला गेलो. ती मागे, मधल्या जागेवर बसली. मांडीवर उघडा डबा, दोन्ही हातांनी धरलेला. मी झाकण लावायला विनवलं, तर म्हणाली, "झाकण लावलं की परीक्षा कशाची?" किनवटपर्यंत मी गाडी पाळण्यासारखी नेली. पुढे घाटातल्या एका वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला आणि मला ब्रेक दाबावा लागला. मागून काही आवाज आला नाही.

"सांडलं का, आत्या?"

"न्हाई. तू म्होरं बघ."

वर पोहोचल्यावर मी मागचा दरवाजा उघडला. आधी पाय की आधी डोकं, ते तिचं तिने ठरवलं आणि उतरली. पदर तिने कमरेभोवती असा घट्ट गुंडाळून घेतला होता की मांडीवरचं लुगडं सगळं झाकलं जावं. "थेंब न्हाई सांडला," ती म्हणाली. "पास."

देवळाच्या पायऱ्याही तिला चढायच्या नव्हत्या, म्हणून पहिल्या पायरीवरच डोकं टेकून दर्शन झाल्यावर आम्ही झाडाखाली बसलो. तिने बांधून आणलेला भात काढला आणि डबा माझ्यापुढे सरकवला. "कमीच भरलं होतं आज मी," ती दुसरीकडे बघत म्हणाली. त्या निवेदकाला मी आजही सांगायला तयार आहे, तुम्ही मागचा दरवाजा उघडत नाही, तोवर तुम्हाला मोटारींतलं काही कळत नाही.

डबा निम्मा होता. मी पोटभर जेवलो.