वखराची अर्धी पास

राजूचा फोन आला तेव्हा मी वावरात उभा राहून एका गड्याला शिव्या घालत होतो. त्यानं बैलाच्या पाठीवर तुतारी, ती टोकाला आर लावलेली काठी, मारली होती आणि माझ्यासमोर बैलाला कोणी मारलं की माझं डोकं फिरतं, गावात सगळ्यांना माहीत आहे. फोनवर पुतण्या एवढंच म्हणाला, "काका, पापा गए... तुमी निघा." ही पोरं भिलाईत जन्मली, त्यांना रडू हिंदीतच येतं. मी धुऱ्यावर, बांधावरच बसलो. पहिला विचार काय आला ते लिहायला लाज वाटते, पण लिहायलाच बसलोय तर लिहितो. मनात आलं, सुटलो! आता तो प्रश्न विचारणारं कोणी उरलं नाही. आणि लगेच असा हुंदका आला की ज्या गड्याला शिव्या देत होतो, त्यानंच मला पाणी पाजलं.

नामदेवदादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. बाबा लवकर गेले आणि दादानं मला वाढवलं, म्हणजे मारून मारून वाढवलं. शाळा बुडवली की बोरीचा फोक, खोटं बोललो की पायातला जोडा. त्याला भिलाईच्या प्लांटमध्ये नोकरी लागली, फोर्ज शॉपमध्ये, जिथं लालबुंद लोखंड घणाखाली ठोकून त्याला आकार देतात. दादाला याहून बरं खातं मिळालंच नसतं. मग वरोऱ्याकडच्या आमच्या गावातून मला आयटीआय करायला त्यानं भिलाईला नेलं, सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात. तिथं दूधवाला दुधात पाणी घालतो असं वहिनी म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी दादानं अख्खी कॅन त्या माणसाच्या डोक्यावर उपडी केली आणि वर रिकामी कॅन त्याच्या पाठीत घातली. खात्यातल्या एका चार्जमन साहेबानं त्याच्या कामाला कच्चं म्हटलं, तर त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटला. आठ दिवस सस्पेंड होऊन घरी बसला, पण घरी बसूनही धुसफुसत एकच सांगायचा, "मले आईवरून शिवी दे, चालते. माह्या लोखंडाले कच्चं नाही म्हनाचं." वहिनी म्हणायची, "अहो, लोखंडच ते, त्याले का वाईट वाटते?" तर ताट भिरकावून दिलं.

मी आयटीआयमध्ये नापास झालो. त्या संध्याकाळी त्यानं पट्टा काढला. पाच-सात फटके मी मोजले, पुढचे आठवत नाहीत, बक्कल तुटून मोरीत पडलं तेवढं आठवतं. मी त्याच्या मनगटाला चावलो, रक्त तोंडात आलं. वहिनी मधे पडली तर तिलाही एक बसला. सकाळी मी दुर्गहून गाडी धरली आणि गावाकडे निघून आलो. वावर कसत राहिलो, लग्न केलं, दादाशी तीन वर्षं बोललो नाही. मग तोच एका पोळ्याला आला, बैलांना पुरणपोळी चारली आणि मनगटावरचे माझे दात दाखवत म्हणाला, "कुत्र्या, इंजेक्शन घ्या लागलं मले." तेवढ्यावर आमचा समेट झाला.

आता वखराचं. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावण्याआधी आमच्याकडे जमीन वखरतात. नांगर जमीन फाडतो. वखर तिची नुसती वरची कातडी खरवडतो. बैलांच्या मागं एक आडवं पातं मातीखालून सरकत जातं आणि तणाची मुळं कापतं. त्या पात्याला पास म्हणतात. वजन पडावं म्हणून हाकणारा वखरावर उभा राहतो. आमच्या वावरात दगड फार, गावच्या लोहाराची पास दर हंगामाला वाकायची. मी एकदा दादाजवळ कुरकुरलो असेन. त्यानं मनावर घेतलं. ट्रकच्या कमानीची पट्टी आणली, ओळखीच्या एका वर्कशॉपात जाऊन दर आठवड्याच्या सुटीला ठोकत बसला आणि मे महिन्यात ती पास टॉवेलात गुंडाळून, गाडीत मांडीवर घेऊन आला. राजू तान्हा होता तेव्हा त्यालासुद्धा त्यानं इतका वेळ मांडीवर घेतला नसेल. उंबऱ्यावर टेकवून तिच्यावर पाय दिला, ती वाकली, पाय काढला, ती सरळ झाली. "पाह्यलं का? वाकते, तुटत नाही. तेलात विझवली, मंग पुन्हा तापवून नरम पाडली. धार गेली तं कानस मार. लोहाराच्या भट्टीत घालशीन तं तंगडं तोडीन तुह्यं." एवढं बोलून तो सासुरवाडीला गेला, चार दिवसांनी परत येणार होता, त्याची पास चालताना पाहायला.

आणि मी ती भट्टीत घातली.

आमच्याकडे हंगामाच्या आधी गावातलं सगळं लोखंड लोहाराकडे जातं. फाळ, पास, विळे, सगळं. तो तापवतो, ठोकतो, पाण्यात बुडवतो, याला पाणी पाजणं म्हणतात. एखाद्यानं आपलं लोखंड नेलं नाही, तर लोहाराच्या तोंडावर थुंकल्यासारखं होतं. लोहार म्हणालाही, "पानी नाही पाजलं तं लोखंड कायचं, वसंता? तुह्या भावाले भिलाईची हवा लागली." पण खरं सांगतो, लोहाराचं निमित्त झालं. मला दादाचं ते 'तंगडं तोडीन' टोचलं होतं. पट्ट्याच्या बक्कलासारखं टोचलं होतं. त्याच्या लोखंडावर एकदा तरी माझं चालावं असं वाटलं. पास पांढरी पडेस्तोवर तापली, पाण्यात गेली, चर्र आवाज झाला. बोट लावलं तर काचेसारखी धार! मी खूश होऊन घरी आलो.

दादा आला त्या सकाळी मी वखर जुंपला. मोऱ्या आणि चांद्या, माझी जोडी. मोऱ्याला मी वासरू असल्यापासून वाढवलेलं, माझ्या हाकेशिवाय पाणी प्यायचा नाही. दादा धुऱ्यावरच्या बाभळीखाली उभा होता. तिसऱ्या तासाला, म्हणजे वावराच्या तिसऱ्या फेरीला, पास दगडाला लागली. टण्ण असा आवाज झाला आणि मी तोंडावर पडलो. पुढचा दात तुटला. पास मधोमध काचेसारखी मोडली होती. अर्धी उडून मातीत पडली, अर्धी वखराला लोंबकळत राहिली. बैल बिथरून तिरपे झाले, मोऱ्यानं मागं लाथ झाडली आणि त्या अर्ध्या पातीनं त्याच्या मागच्या पायाची शीर कापली. तो बसला. रक्ताचा नुसता पाट. उठायला बघायचा आणि पुन्हा बसायचा, आणि जो हंबरडा त्यानं फोडला तो मला अजूनही ऐकू येतो.

दादा धावत आला. मला वाटलं, मला उचलेल. नाही तर बैलाला तरी धरेल. त्यानं मातीतून ती अर्धी पास उचलली, मोडलेलं तोंड शर्टाला पुसलं आणि उन्हाकडे धरून पाहिलं. फोर्जवाला माणूस तुटलेलं लोखंड हाती आलं की आधी तोंड पाहतो. चांगलं लोखंड मोडलं तर तोंड बारीक, राखाडी दिसतं. हे साखरेच्या दाण्यांसारखं चमकत होतं. जन्मभर ओरडून बोलणारा माझा भाऊ अगदी हळू आवाजात म्हणाला, "वसंत्या... याले पानी कोनं पाजलं?"

वखराला लोंबणारी दुसरी अर्धी मी हिसकून काढली आणि त्याच्या डोक्यावर घातली. होय, डोक्यावरच. मारायचंच होतं मला. बैल मरून राहिला आणि हा लोखंड पाहून राहिला, असं काहीतरी मी ओरडत होतो, पण ते खोटं होतं. त्यानं विचारलेलं मला सहन झालं नव्हतं. त्यानं उजवा हात वर केला म्हणून वाचला. पात अंगठ्याच्या बाजूनं तळहातात शिरली, दोन बोटं लोंबली. मी दुसरा वार खांद्यावर केला. तिसऱ्यासाठी हात उचलला, तेव्हा लक्षात आलं की तो उलटून मारतच नाहीये. ज्या माणसानं दूधवाल्याला सोडलं नाही, तो मातीत मोऱ्याजवळ बसला, हात पोटाशी धरला आणि म्हणाला, "बैलाचा पाय बांध आंधी."

वरोऱ्याच्या डॉक्टरला त्यानं माझ्यादेखत सांगितलं, "पास तुटून उडाली, हातावर आली. म्याच बनवली होती. कच्ची राहिली." मी धोतरावर रक्त घेऊन शेजारी उभा होतो. चौथ्या दिवशी मोऱ्या मेला. माझ्याकडची अर्धी पास मी विहिरीत टाकली. दुसरी अर्धी दादा डाव्या काखेत घेऊन भिलाईला गेला.

त्या हातात पुन्हा घण आला नाही. फोर्ज शॉप सुटलं, त्याला स्टोअरमध्ये बाबू केलं. पास तुटल्याची गोष्ट त्यानं तिथंही तशीच सांगितली, त्यामुळे सोबत्यांनी नाव पाडलं, बखर बाबू. आमच्या वखराला छत्तीसगढकडे बखर म्हणतात. राजूच्या लग्नात, भिलाईतल्या रिसालीत दादाच्या घरासमोर मांडवात, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. फोर्जचे जुने साहूजी सगळ्यांसमोर म्हणाले, "बखर बाबू, एक बखर हमरो बर बना दे गा, आलू काटबो!" बटाटे कापण्यापुरती पास, असा टोमणा होता. मांडव हसला. मी दादाच्या डाव्या हाताकडे पाहत होतो, आता उठतो, आता साहूजींच्या कानाखाली बसते. दादा हसला. बाकी स्वभाव काही निवला नव्हता. रिटायर झाल्यावरही नेहरू नगरच्या चौकात उलट्या बाजूनं आलेल्या एका मोटारसायकलवाल्याला त्यानं डाव्या हातानं अशी कानाखाली लावली की पोलीस आले. पण कच्च्या कामाचा टोमणा मात्र तो तीस वर्षं गिळत राहिला.

त्यानं मला तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. मी मात्र दर भेटीत वाट पाहिली. शेवटच्या भेटीत तो रिसालीच्या घरी खाटेवर होता, श्वास पुरत नव्हता. मी म्हणालो, "दादा, ते पास..." त्यानं डावा हात उगारला. खरोखर मारायला उगारला, मी मान मागं घेतली. "चूप बे," म्हणाला. मग धाप ओसरल्यावर विचारलं, "बैल कोनते हायेत आता?" मी सांगितलं. त्यांची नावं त्यानं दोनदा म्हणून पाहिली.

तेरवीला रिसालीत बरीच माणसं जमली. साहूजी रडत रडत बोलले, नामदेव भाऊच्या हातात जादू होती, बस एका बखरमध्ये चुकला. लोक मायेनं हसले. मी मुठी आवळून बसलो. पहिली पंगत उठल्यावर वहिनीनं स्वयंपाकघराच्या दाराला अडकण म्हणून लावलेलं लोखंड आणलं आणि म्हणाली, "भाऊजी, हे घेऊन जा. तुमच्या वावराचं हाय." ती अर्धी पास. मी हात पुढे करायच्या आत साहूजींनी घेतली आणि सवयीनं तिचं मोडलेलं तोंड उजेडाकडे वळवलं. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, घ्या, वाचा आता.

"अरे," साहूजी म्हणाले, "इसका तो मुँह ही घिस दिया है. चिकना."

वहिनी म्हणाली, "यायनंच घासलं. हाताले पट्टी बांधून गावाहून आले ना तवा. दोन महिने आंगनात बसून दगडावर पानी टाकून टाकून घासत. कोनाले हात लावू देत नव्हते. मी म्हनलं, कावून घासून राहिले? तं म्हने, डाव्या हाताले सवय लावून राहिलो."

साहूजींनी पास खाली ठेवली. मग आमची पंगत बसली, राजू वाढत होता, त्यानं माझ्या ताटात आणखी एक पुरी टाकली आणि मी ती खाल्ली. तिथं सांगायचं होतं ते आज लिहितो आहे. साहूजी, आणि फोर्ज शॉपचे जे कोणी उरले असाल ते सगळे, ऐका. दादाची पास कच्ची नव्हती. तिला पाणी मी पाजलं. हात मी तोडला. राजू, साहूजींना तू हे वाचून दाखव आणि मग गावाकडे ये. तू त्याचा मुलगा आहेस. हात उचललास तर मी मान मागं घेणार नाही.

ती अर्धी पास आता माझ्या ओसरीवर आहे. मोडलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला तर कुठं खरखर लागत नाही, नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत. पाणी पाजलेल्या लोखंडावर कानस चालत नाही असं दादा म्हणायचा. काल वरोऱ्याहून नवी कानस आणली, दोन्ही हातांनी दाबून जोर लावला, घाम फुटेस्तोवर लावला. कानस नुसती घसरत राहिली. एक चरासुद्धा उठला नाही.