श्रावणातल्या गोळ्या

सासूबाईंना महालक्ष्म्यांच्या जेवणाला लांब पोळ्या स्वतःच करायच्या होत्या. सैल कणीक हातांवर ताणायची आणि चुलीवर उलट्या ठेवलेल्या तापल्या मडक्यावर टाकायची. हात अजून पक्के होते, गुडघे मात्र झिजलेले. चुलीपुढे बसल्या की उठवायला दोघं लागत. म्हणून तीन महिने त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या घेत होत्या. भाच्याने पुण्याहून पाठवलेल्या. विचारलं की म्हणत, "लय फरक आहे." जिना मात्र पूर्वीसारखाच, एकेक पायरी.

आमच्याकडे श्रावणात अंडंही घरात येत नाही. दुसऱ्या सोमवारी नवी बाटली मागवायला मी चष्मा लावून लेबल वाचलं. गोळ्या झिंग्यांच्या कवचापासून केलेल्या. सांगून टाकलं.

"म्हणजे मी उपासाच्या दिवशी झिंगे खाऊन राहिली?"

"नुसतं कवच, आई."

"अन् तुले आत्ता दिसलं काहून वं? तीन महिने डोळे कुठं होते?"

बाटली कचऱ्यात गेली. मग त्यांचा चेहरा उतरला. "आता पोळ्या कोण करीन? तू? तुझी पोळी म्हणजे हातरुमाल."

मी त्यांना सदर भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई आधी मनमुराद हसल्या. मग म्हणाल्या, या गोळ्यांनी कुणाला थोडं बरं वाटतं, कुणाला काहीच नाही. खात्री देता येत नाही. बंद केल्या तर चालेल. पण मांड्या बळकट करा, रोज चाला, जमिनीवर बसू नका.

"मग चूल काय छतावर मांडू?" सासूबाई म्हणाल्या.

छतावर नाही, पण विटांवर मांडता येईल, असं मला ऑटोत बसल्यावर सुचलं.

त्या दिवसापासून मालिका बघताना त्या खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरू लागल्या. खलनायिका पडद्यावर असेपर्यंत पाय खाली येत नसे. गोळ्या नव्हत्या, तरी दुखणं वाढलं नाही. उलट जिना जरा सोपा झाला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी अंगणात विटांच्या ओट्यावर चूल पेटली, समोर स्टूल. पहिली पोळी फाटली.

"चूल उंच केली तू!"

दुसरी कोपरापर्यंत उतरली, ओढणीसारखी पातळ. मग त्या थांबेचनात. मला दोनदा कणीक भिजवावी लागली. शेजारणी ताटं घेऊन उभ्याच. शेवटची पोळी उतरल्यावर त्यांना उठवायला मी हात पुढे केला.

"मले काय उचलते? पोळ्या उचल," म्हणाल्या, आणि उठल्या.