लाल ओळ

एक्सेलमधला रंगीत तक्ता उचलून स्लाइडवर चिकटवला की त्याचे रंग बदलतात आणि ते परत कसे आणायचे, हे आमच्या ऑफिसात फक्त मला कळत होतं. त्यामुळे सगळे मला मान द्यायचे, म्हणजे आपापली कामं माझ्या टेबलावर आणून टाकायचे. "तुमच्याशिवाय कोणाला जमतंय?" असं म्हटलं की हा माणूस विरघळतो, हे धुळ्यातल्या त्या इमारतीत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं.

भानगड साधी आहे. तक्त्यात आपण भरलेला रंग पुष्कळदा रंग नसतोच. 'या फाइलीतला दुसरा रंग' एवढीच त्याची नोंद असते. तक्त्याच्या फाइलीत दुसरा रंग लाल असला आणि स्लाइडच्या साच्यात दुसरा रंग हिरवा असला, तर सरळ चिकटवल्यावर लालाचा हिरवा होतो. संगणक काही लबाडी करत नाही, जिथं गेला तिथल्या रीतीनं वागतो. चिकटवताना राइट क्लिक करून मूळचे रंग ठेवणारा पर्याय निवडायचा, संपलं. एवढ्याशा विद्येवर मी बरीच वर्षं कॉलर ताठ करून फिरलो.

आमचं काम पिण्याच्या पाण्याचं. गावोगावच्या विहिरी, टाक्या, पाइपलाइन यांची पाहणी होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. पाणी सुरक्षित असेल तर हिरवं, थोडा धोका असेल तर पिवळं, जास्त धोका असेल तर लाल. लागोपाठ बरीच वर्षं हिरवं मिळालं की मग चंदेरी कार्ड. त्याला किंमत काही नसते, पण पंचायतीच्या भिंतीवर फ्रेम करून लावता येतं आणि आल्यागेल्याला दाखवता येतं.

साक्रीच्या पुढे आमचं गाव आहे. माझा थोरला भाऊ तिथला सरपंच. गावाला आजवर हिरवंच कार्ड मिळत आलेलं होतं आणि यंदाचं हिरवं मिळालं की चंदेरी पक्कं होतं. भाऊने भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. कार्डं वाटायच्या सभेच्या आठवडाभर आधीपासून त्याचे फोन सुरू झाले.

"आपला रंग कोनता शे रे?"

"माले अजून माहीत नही, भाऊ."

"हिरवाच ऱ्हाई. दुसरा काय ऱ्हाई?"

मला खरोखरच माहीत नव्हतं. पाहणीचा तक्ता दुसऱ्या टेबलावर तयार होत होता. पण एक गोष्ट मला माहीत होती, ती मी फोनवर बोललो नाही. पिठाच्या गिरणीमागे आमच्या गावच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह आहे. त्याचा खड्डा कायम गटाराच्या पाण्यानं भरलेला असतो. नळ बंद झाला की तेच पाणी लाइनीत ओढलं जातं. दरवर्षी पाहणीला येणारी माणसं विहीर बघायची. विहिरीचा कठडा बचत गटाच्या बायकांनी रंगवून लख्ख ठेवलेला. मग आमच्या घरी जेवून ती माणसं परत जायची. यंदा मात्र एक नवीन बाई आल्या होत्या आणि त्या विहिरीपासून शेवटच्या नळापर्यंत पायी चालल्या होत्या.

सभेच्या सकाळी मी हॉलमध्ये लवकर पोचलो. तक्ता पेन ड्राइव्हवरून आला तेव्हा बाहेर जीपगाड्या लागायला सुरुवात झाली होती. वरून आलेला नवा साचा होता, पाण्याचं काम म्हणून वर थेंब आणि खाली पानं असलेला हिरवा. प्रोजेक्टर चालूच होता. मी घाईघाईत तक्ता निवडला आणि सरळ चिकटवला. एवढी वर्षं दुसऱ्यांना ज्यावरून टोमणे मारले, नेमकं तेच केलं.

सगळा तक्ता हिरवा झाला. कुठे गर्द, कुठे पोपटी, कुठे शेवाळी, पण सगळा हिरवा. लाल नाही, पिवळा नाही. एवढी निरोगी गावं मी आयुष्यात पाहिली नव्हती. साहेब मागून जाता जाता थांबले आणि म्हणाले, "वा, एकदम फ्रेश वाटतंय." आणि चहाला गेले.

तक्त्यात आमच्या गावाची ओळ गर्द हिरवी होती. मी मूळ फाइल उघडून पाहिली. तिथे ती लाल होती.

तेवढ्यात दारातून भाऊ आत आला. पांढराशुभ्र सदरा, टोपी, आणि मागे बचत गटाच्या चार बायका, एकीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत हार. त्याने पडदा पाहिला, गावाचं नाव वाचलं आणि तिथूनच हात वर केला. मग जवळ येऊन पेढ्याचा बॉक्स उघडला.

"देखं मी. हिरवंगार शे. तोंड उघाड."

मी तोंड उघडलं. तेव्हाच 'भाऊ, थांब, हा रंग खरा नाही' म्हणायला हवं होतं. पण तोंडात पेढा होता आणि भाऊच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तो मागे जाऊन बायकांच्या शेजारी बसला. मी पेढा गिळला आणि एक क्षण, खोटं कशाला बोलू, मनात आलं की राहू दे. कोणाला कळणार आहे? खऱ्या रंगांची कार्डं आधीच छापून वेगळ्या लिफाफ्यात होती, हे लक्षात आल्यावर तो विचार गेला. प्रामाणिकपणामुळे गेला असं मला सांगता येत नाही.

मी तक्ता पुसला. राइट क्लिक केलं, मूळच्या रंगांचा पर्याय निवडला. प्रोजेक्टर बंद करायचं मला सुचलं नाही. भिंतीएवढ्या पडद्यावर, भरत आलेल्या हॉलसमोर, हिरवं होतं ते लाल-पिवळं झालं. आणि माझा हात माउसवर होता.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आत्ते हिरवं व्हतं ना! मी माना डोयानी देखं!" भाऊ उभा राहिला होता. "मानाच भाऊनी लाल करं!"

हॉलमध्ये हशा पिकला. दुसऱ्या गावाचे एक नाना ओरडले, "मग आमचं पिवळं पण हिरवं करा ना साहेब, तुमच्याच हातात आहे!" पुन्हा हशा. मी माइक घेऊन समजावायला लागलो. फाइलीतला दुसरा रंग, साच्यातला दुसरा रंग, चिकटवण्याचे प्रकार. बोलता बोलता मलाच ऐकू येत होतं की हे चोरी पकडली गेलेल्या माणसाचं बोलणं आहे. साहेबांनी हसत माइक काढून घेतला आणि म्हणाले, "चला, घरचं भांडण घरी. लाल ते लाल."

कार्ड घ्यायला भाऊ स्टेजवर आला. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, प्रसाद घ्यावा तसं, कारण काहीही घ्यायचं तर ते तसंच घ्यायचं हे त्याचं वळण. माझ्याकडे बघितलं नाही. खाली बचत गटाच्या त्या बाईंनी हार पिशवीत आणखी खोल दाबला. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटलं, पण हॉलला टाइल्स होत्या.

त्यानंतर भाऊचा फोन आला नाही. गावाकडून कळलं की धाकट्याने गाव लाल केलं, असं पारावर बोलतात. सुरुवातीला मला संताप आला. मी काय चुकीचं केलं? खरा रंग दाखवला! घरी बायकोला दिवसातून दोनदा ते रंगांचं गणित समजावून सांगायचो. शेवटी ती म्हणाली, "मला समजलंय हो. तुम्हालाच अजून पटत नाहीये." आणि मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघून गेली.

श्रावणात कानबाई आली, आमच्या खानदेशातली घरोघरची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते आणि भावकीतला माणूस कुठेही असला तरी त्या दिवशी घरी जातो. तिच्या प्रसादाचे रोट बाहेरच्याला देत नाहीत, कुळातल्या माणसांनीच खाऊन संपवायचे असतात. त्यामुळे रुसवा असो नाहीतर कोर्टकज्जा, पान मांडावंच लागतं. मी एकटाच एसटीने गेलो. खिशात मोबाइल होता, त्यात दोन्ही तक्त्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून ठेवले होते. आज सगळ्यांसमोर सिद्ध करायचं ठरवलं होतं.

घरात तोरणं लावायचं काम चालू होतं. भाऊ चौरंगापाशी आंब्याच्या डहाळ्या बांधत होता. त्याने मान वर केली, खाली घातली. ओसरीवर त्याची नात बसली होती. गेल्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली होती. तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते तिचे. आधी काविळीवरची गावठी माळ घातली, मग साक्रीच्या दवाखान्यात नेली, सलाईनं लावली. ती वाचली, पण अंगावर मांस धरलं नाही.

वहिनी तांब्या घेऊन बाहेर आली. मी चौथीत होतो तेव्हा ती या घरात आली, म्हणून मला ती तूच म्हणते.

"बस. दमी गया व्हशी. पानी ले."

तिने तांब्या पुढे केला आणि मी, विचार न करता, दरवेळी करतो तसं, बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून बाटली काढली. धुळ्याहून भरून आणलेली, फिल्टरच्या पाण्याची. घरात ती सगळ्यांच्या ओळखीची. 'साहेबनं पोट नाजूक शे' म्हणून तिच्यावरून माझी थट्टा व्हायची, आणि मीही हसायचो.

यावेळी कोणी थट्टा केली नाही. वहिनी बाटलीकडे बघत राहिली. तांब्या तिच्या हातात तसाच.

"एक इचारू?"

"इचार ना, वहिनी."

"हाई बाटली तू कवयपासून आनस रे?"

कधीपासून आणतोय. एवढंच विचारलं तिने. आवाजात राग नव्हता, ती खरोखर आठवायचा प्रयत्न करत होती. भाऊचा डहाळी बांधणारा हात थांबला.

मला उत्तर पाठ होतं. गिरणीमागचा व्हॉल्व्ह मी स्वतः पाहिला तेव्हापासून. एका दिवाळीत दळण आणायला गेलो होतो. खड्ड्यात गटाराचं पाणी पाहून नाकाला रुमाल लावला आणि पुढच्या खेपेपासून बाटली घेऊन यायला लागलो. घरात बोललो नाही. भाऊ सरपंच, त्याच्या कामात खोट काढली असं होईल. शिवाय मी दोन दिवसांचा पाहुणा. गेल्या पावसाळ्यात पोरगी खाटेवर पिवळी पडली होती, तेव्हाही मी हीच बाटली तिच्या उशाशी ठेवून बसलो होतो आणि 'उष्णता झाली असेल' म्हणालो होतो. स्वतःचं पाणी पीत पीत.

पडद्यावर गाव लाल झालं तेव्हा सगळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मी तो लाल रंग कितीतरी वर्षं बॅगेत घालून आणत होतो. खिशातले ते दोन फोटो मला पेटत्या निखाऱ्यासारखे वाटायला लागले. मान खाली घातली तेव्हा पन्नाशी उलटलेला माणूस म्हणून नव्हे, चौथीतल्या मुलासारखीच घातली.

वहिनीने तांब्या माझ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि माझ्या हातातून बाटली घेतली. हिसकावली नाही, अलगद घेतली.

"हाई पानी पोरले दिऊ का?"

तिने खरंच परवानगी मागितली. माझी वस्तू होती ना. मी मान हलवली. पोरगी बाटली तोंडाला लावून प्यायला लागली, दोन्ही हातांनी धरून, तिच्या आजोबांनी कार्ड धरलं होतं तशी.

मी तांब्या उचलला. पाणी गार होतं आणि चवीला लहानपणी होतं तसंच गोड होतं.