दुसऱ्याचं आभाळ

हॉलंडमधल्या डॉर्ड्रेक्ट गावात चेहरा रंगवावा तर गोवर्टनेच, असं लोक म्हणत. पण चित्र पुरं झालं की बघणारा चेहऱ्यावर नजर टाकून मागच्या आभाळापाशीच रेंगाळायचा. ते आभाळ आलार्टचं. गावाची रीतच होती, चेहरा एकाने काढायचा आणि मागची नदी, ढग, झाडं दुसऱ्याने. सही मात्र चेहरेवाल्याची.

नाव आपलं असूनही गोवर्टच्या पोटात दुखायचं. तो एकेका नाकाशी महिनाभर झुंजे, आणि आलार्ट पावाचा तुकडा चघळत चघळत पाऊस उभा करी! रविवारी चर्चमध्ये गोवर्ट डोळे मिटून म्हणे, "देवा, हा मत्सर काढून घे." डोळे उघडावेत तर पुढच्या बाकावर आलार्टची मान.

त्या वर्षी होडीवाल्यांच्या मुख्य पंचाच्या बायकोचं, माखटेल्टकाकींचं चित्र चाललं होतं. काकींना ते पसंत पडलं तर होडीवाल्यांच्या सगळ्या पंचांचं मोठं चित्र गोवर्टला मिळणार होतं. त्याने खिडकीचा उजेड डावीकडून घेऊन चेहरा पुरा केला. आलार्टकडून कॅनव्हास परत आला, तर सूर्य उजवीकडे!

"अहो, त्याला सांगा की," बायको बार्बर्टा म्हणाली.

"मी का सांगू? आभाळाचा राजा ना तो? होऊ दे एकदा फजिती."

काकी आल्या. चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"आभाळ झकास आहे. पण गोवर्ट, हे तोंड कुणाचं रे? मेलेल्या बाईचं कापून चिकटवल्यासारखं दिसतंय."

गोवर्टच्या तोंडचं पाणी पळालं. आभाळाला कोण नावं ठेवणार? ऊन कुठूनही येतं. खोटा दिसतो तो चेहरा. "थोडे दिवस द्या, काकी," एवढंच तो बोलला आणि कॅनव्हास उचलून आलार्टकडे गेला.

आपला उजवीकडचा सूर्य पाहून आलार्टने कपाळावर हात मारला. "दादा, तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं. तुझी फजिती व्हावी म्हणून गप्प बसलो."

आलार्टने काकींचा चेहरा जवळून पाहिला. "जो तो आभाळाचं कौतुक करतो, म्हणून मीही हल्ली तुमच्या चेहऱ्यांकडे बघेनासा झालो होतो. ठेवा ते इथं."

त्याने सूर्य डावीकडे आणला, नदीवर फिकट ऊन पसरलं. चेहऱ्याला ब्रशही लावला नाही. तरी काकींचा गाल उबदार झाला, डोळे ओलसर दिसू लागले.

"हां, आता मी श्वास घेतेय," काकी पुन्हा आल्या तेव्हा म्हणाल्या. "गालाला काय केलंस, गोवर्ट?"

गोवर्ट म्हणाला, "मी काहीच नाही केलं. आलार्टने केलं."

"मग दोघं मिळून पंचांचं चित्र काढा."

काकी गेल्यावर गोवर्टने ब्रश आलार्टपुढे धरला. "तूही सही कर."

"कशाला, दादा? आभाळ कुणाचं ते गावाला ठाऊक आहे."

गोवर्टच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मनातल्या मनात देवाची माफी मागून त्याने कोपऱ्यात आपली सही केली, नेहमीपेक्षा अंमळ मोठ्या अक्षरांत.