तिच्या पुस्तकातली जर्मन चिठ्ठी

मला जगात एकच विषय कळतो आणि तो कोणाच्याही उपयोगाचा नाही, असं आमच्या घरचं जुनं मत आहे. शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनीत लोक आपल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत एक छापील चिठ्ठी चिकटवत. सरळ रेघा, एखादं वर्तुळ, दोन रंग आणि खाली मालकाचं नाव. तिला बुकप्लेट म्हणतात. त्या मी जमवतो. बऱ्हाणपुरात हा उद्योग करणारा मी एकटाच, त्यामुळे इथला सगळ्यात मोठा जाणकारही मीच.

हे खूळ वडिलांच्या इतवाऱ्यातल्या रंगांच्या दुकानातून आलं. विणकरांसाठी पूर्वी आलेले जर्मन रंगांचे डबे रिकामे होऊन आमच्या स्वयंपाकघरात डाळी सांभाळत. त्यांच्यावरची लेबलं मी वाफेवर सोडवायचो आणि मार खायचो, कारण आई त्या लेबलांवरूनच तूर आणि हरभरा ओळखायची. पुढे जर्मनीतल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाशी पत्रमैत्री जुळली. मी त्याला इथल्या कापडाच्या गाठींवरची जुनी चित्रं पाठवायचो, तो बुकप्लेट. पोस्टमन दारातून सांगायचा, "भैया, आपकी जर्मनी आई है."

बायको तुकईथडची, केळीवाल्यांच्या घरातली. शनवाऱ्यातल्या शाळेत शिकवायची आणि कादंबऱ्या विकत घेऊन वाचायची. लग्नानंतर लवकरच म्हणाली होती, अहो, माझ्या पुस्तकांसाठीही एक करा की. मी ड्रॉईंगचा मास्तर, मला काय अवघड? करतो म्हणालो. पण तिच्या नावातली वेलांटी काही त्या जर्मन चौकटीत बसेना. सव्वीस वर्षं मी वेलांटी बसवत होतो. पाहुण्यांना ती सांगायची, यांची वेलांटी बसली की माझं नाव छापायचंय.

माझ्याकडे एकाच चित्राच्या तीन प्लेट होत्या. दिव्याखाली वाचत बसलेली बाई, काळ्या नि नारिंगी रंगात, आणि खाली नावाची जागा कोरी. तिकडच्या दुकानांत तयार मिळायच्या त्यातल्या, कोणी न वापरलेल्या. तिनं एक मागितली तेव्हा मी म्हणालो, नाव लिहिलं की ती कामातून गेली. नंतर एकदा पाहतो तर दोनच. कसरीनं खाल्ली असणार, असं मी जाहीर केलं. "कसरच ती," बायको म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. पोटाचं दुखणं, तीन महिने.

लेक इंदूरहून आली होती. आईची पुस्तकं लावताना तिला एका कादंबरीत ती तिसरी बाई सापडली. कणकेच्या खळीनं चिकटवलेली, आणि कोऱ्या जागेत निळ्या शाईनं, मास्तरणीच्या गोल अक्षरात, बायकोचं नाव. जागेत मावावं म्हणून बारीक लिहिलेलं.

मी म्हणालो, खळीला खरंच कसर लागेल, आपण ही सोडवून फ्रेम करू.

"बाबा, रहने दो ना," लेक म्हणाली. "पुस्तकातच बरी आहे ती."

पण मी जाणकार. परातीत कोमट पाणी घेतलं आणि पानं वर धरून नुसता पुठ्ठा त्यात बुडवला. अशा वेळी आधी ओल्या कापसाचा बोळा शाईच्या एका टोकाला लावून बघायचा असतो. हा पहिला धडा, जो मी ऐकेल त्याला आणि न ऐकेल त्यालाही सांगत आलोय. त्या दिवशी मला तो आठवला नाही. खळ सुटली, बाई तरंगली, आणि तिच्या पायाशी पाणी निळं व्हायला लागलं. उचलेपर्यंत जागा कोरी झाली होती. कोणी न वापरल्यासारखी.

ते पाणी ओतायचं कुठे हे आम्हा दोघांनाही कळेना. परात दुसऱ्या दिवसापर्यंत ओट्यावर तशीच होती.

बायकोला शाई वाळेपर्यंत धीर नसायचा. शाळेच्या वह्यासुद्धा लिहिल्या की मिटायची आणि मी कटकट करायचो. लेक परत गेल्यावर ती कादंबरी जागेवर ठेवायला घेतली, तेव्हा समोरच्या पानावर मला फिकट, उलटं उमटलेलं नाव दिसलं.

आता ते पुस्तक मी रोज एकदा उघडतो. आरसा लावत नाही, उलटंच वाचतो. वेलांटी चुकीच्या बाजूला आहे, पण बसली आहे.